आधी पान, मग फोटो: कॉलेजच्या ग्रुपने फॅशन मासिकाची आठ पाने कशी करावीत

पहिल्या वेळी आमच्या ग्रुपने तेच केले जे बहुतेक ग्रुप करतात. कपडे गोळा केले, एका मैत्रिणीला मॉडेल केले, दोन स्कूटर आणि एकीच्या मामाची गाडी घेऊन पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर गेलो आणि साडेचारशे फोटो काढून आलो. मग शेवटच्या रात्री लॅपटॉपसमोर बसून एकमेकांना विचारू लागलो, आता हे पानावर बसवायचे कसे? सगळ्यांना आवडलेला फोटो आडवा होता, तो दोन पानांवर पसरला. छापून आला तेव्हा मॉडेलचे नाक बरोबर मधल्या घडीत गेले होते. एक डोळा डावीकडच्या पानावर, दुसरा उजवीकडच्या. सरांनी नाक शोधायला अंक जोर लावून उघडला तर पिनाच निघाल्या.

आता मी ज्या ग्रुपना मदत करते त्यांना कॅमेऱ्याला हात लावण्याआधी कागदाची घडी घालायला लावते. मुलांना ते बालवाडीतले काम वाटते. वाटू दे.

कागदाचा डमी

ए-फोर आकाराचे दोन कोरे कागद एकावर एक ठेवा, मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा. आठ पानांचे छोटे पुस्तक तयार झाले. हाच डमी, म्हणजे अंकाचा कच्चा नमुना. पेन्सिलीने पानांना आकडे घाला. पान १ एकटे आहे, २-३ समोरासमोर, ४-५ समोरासमोर, ६-७ समोरासमोर, आणि ८ पुन्हा एकटे. समोरासमोरच्या या जोडीला स्प्रेड म्हणतात. वाचकाला दोन्ही पाने एकाच वेळी दिसतात, म्हणून विचारही एका पानाचा नाही तर जोडीचा करायचा.

आता पिना काढून कागद मोकळे करा आणि बघा, कुठल्या कागदावर कुठली पाने आली. बाहेरच्या कागदावर १, २, ७, ८ आणि आतल्यावर ३, ४, ५, ६. म्हणजे पान २ आणि पान ३ शेजारी दिसत असली तरी ती वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात. कापताना, दुमडताना एखादा मिलिमीटर इकडचा तिकडे होतोच, आणि आडवी सरळ रेष, क्षितिज, रेलिंग असे काही दोन पानांवरून जात असेल तर मधे पायरी पडते. फक्त ४-५ ही जोडी सलग एका कागदावर असते. दोन पानांवर पसरणारा मोठा फोटो तिथेच ठेवा. ही गोष्ट मला तीन अंक छापून झाल्यावर कळली, तुम्हाला सुरुवातीलाच सांगून टाकली.

डमीत फोटो चिकटवायचे नाहीत, नुसत्या चौकटी काढायच्या. इथे पानभर, इथे तीन छोटे, इथे पाऊण पान मोकळे. आमच्या मागच्या वर्षीच्या ग्रुपचा डमी असा होता: पान १ वर शीर्षक आणि एक उभा फोटो. २-३ वर डावीकडे पानभर फोटो, उजवीकडे बराचसा मोकळा कागद आणि मजकुराचा एक तुकडा. ४-५ वर एकच फोटो, दोन्ही पाने भरून. ६-७ वर बारीकसारीक तपशिलांचे तीन छोटे फोटो आणि एक उभा. ८ वर शेवटचा फोटो आणि श्रेयनामावली. मोजा, आठ फोटो. साडेचारशे नव्हेत, आठ. शूटच्या दिवशी काय मिळवायचे आहे हे आता आकड्यात माहीत आहे, आणि त्यातले किती उभे, किती आडवे हेही.

विषय एका वाक्यात, आणि वाक्यात माणूस हवा

'विंटेज गोवा', 'ट्रॉपिकल व्हाइब्स', 'परंपरा आणि आधुनिकता' हे विषय नव्हेत, ते दुकानांचे बोर्ड आहेत. त्यातून पुढचा एकही निर्णय निघत नाही. फॅशन एडिटोरियल म्हणजे कपड्यांमधून सांगितलेली गोष्ट. जाहिरात एक वस्तू विकते, लुकबुक एका डिझायनरचे सगळे कपडे ओळीने दाखवते आणि एडिटोरियलमध्ये कपडे कुणाच्या तरी अंगावर, कुठल्या तरी वेळी, कशासाठी तरी असतात. म्हणून वाक्य असे हवे की त्यात कोण, कुठे आणि किती वाजता हे कळेल.

मागच्या वर्षीचे वाक्य होते: 'फोंड्याकडच्या जत्रेत रात्रभर नाटक बघून तीन भावंडे पहाटेच्या फेरीबोटीने चोडणला घरी परततात.' एवढ्या एका वाक्याने किती कामे केली बघा. वेळ ठरली. उजेड ठरला. कपडे चुरगळलेले असणार हे ठरले, त्यामुळे इस्त्रीची चिंता अर्धी झाली. रात्री थंडी असते म्हणून साडीवर भावाचे डेनिमचे जाकीट आले. उंच टाचांच्या सँडल हातात आल्या आणि पायात रबरी चपला. केसांतली फुले कोमेजलेली हवीत. कागदाच्या पुडीत खाजें, म्हणजे जत्रेतला गोड खाऊ, हवे. आधी एकच मुलगी ठरली होती, पण एका रात्रीत ती चार वेळा कपडे कशी बदलेल, असे कुणीतरी विचारले, म्हणून तीन भावंडे झाली. असे फाटे फोडणारा एक तरी मेंबर ग्रुपमध्ये असावा.

मूडबोर्ड, म्हणजे विषयाला साजेशी चित्रे आणि रंग एकत्र लावलेला फलक, याच्यानंतर करा, आधी नाही. आणि त्यात दुसऱ्या मासिकांतले फॅशनचे फोटो निम्म्याहून कमी असू द्या. बाकी जागा खऱ्या गोष्टींना: फेरीबोटीच्या गंजक्या रेलिंगचा रंग, मंडपातल्या ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, आजीच्या जुन्या साडीचा काठ. नुसते मासिकांतले फोटो लावले की तुमची पाने त्या मासिकांसारखी दिसतात, फक्त बजेट कमी असलेली.

कोण काय करणार

सहा-सात जणांचा ग्रुप पुरतो. संपादक, फोटोग्राफर, स्टायलिस्ट, मेकअप आणि केस, पानांची मांडणी, मजकूर, आणि प्रॉडक्शन. सातवे काम कुणालाच नको असते, कारण त्यात परवानग्या, गाड्या, जेवण, पावत्या येतात. ग्रुपमधल्या सगळ्यांत खमक्या माणसाला ते द्या. सहा आठवडे असतील तर पहिला आठवडा विषय आणि डमीला, दोन कपडे-जागा-परवानग्यांना, चौथ्यात शूट, पाचव्यात मांडणी आणि मजकूर, सहावा आठवडा छपाईला आणि छपाईत होणाऱ्या घोळाला.

मतभेद होणारच. वादात शेवटचा शब्द कुणाचा हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा: कपड्याबद्दल स्टायलिस्टचा, फ्रेमबद्दल फोटोग्राफरचा, कुठला फोटो पानावर जाईल याबद्दल संपादकाचा. फोटोग्राफरला स्वतःचे फोटो निवडू देऊ नका. एखादा फोटो काढायला गुडघाभर पाण्यात उभे राहावे लागले असेल तर तो त्याला चांगलाच वाटतो.

मॉडेल बाहेरून आणायची गरज नाही, पण जी कुणी असेल तिची मापे आधी घ्या, पायाच्या नंबरासकट. फोटो कुठे छापणार, कुठे टाकणार हे लिहून तिची सही घ्या. वय अठराच्या आत असेल तर पालकांची.

कपडे: उसने, आणि नावासकट

बुटिकवाले विद्यार्थ्यांना कपडे देतात, फक्त नीट मागावे लागतात. कॉलेजच्या लेटरहेडवर एक पत्र, त्यात विषयाचे ते एक वाक्य, तारीख, परत कधी देणार, आणि श्रेय कुठे छापणार. कपडा घेताना दुकानातच पुढून, मागून आणि जिथे आधीच डाग किंवा उसवण आहे तिथे फोटो काढा. टॅग कापायचा नाही, आत दुमडून छोट्या पिनेने टाचायचा. परत देताना धुऊन द्यायचा की न धुता, हे आधी विचारा. हातमागाचा कपडा घरच्या मशीनमध्ये टाकून पाठवल्यावर काय होते हे अनुभवाने शिकू नये.

कुडता डोक्यातून घालताना चेहऱ्यावर पातळ ओढणी टाका, नाहीतर फाउंडेशनचा शिक्का गळ्यावर बसतो. घामासाठी काखेत पॅड लावा. पिशवीत असू द्या: सेफ्टी पिना, सुई-दोरा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, कपडे वाळत घालायचे चिमटे (ढिला कपडा मागून आवळायला), ओले रुमाल, टिश्यू, केसांच्या काळ्या पिना आणि लहान कात्री.

आता कुणबी साडीबद्दल, कारण गोव्यातला प्रत्येक दुसरा ग्रुप तिच्याकडे वळतो. लाल चौकड्यांची ही जाडसर सुती साडी इथल्या कुणबी-गावडा बायकांचा कामाचा पोशाख. शेतात वाकता यावे म्हणून आखूड नेसलेली, खांद्यावर गाठ मारलेली. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० मध्ये ही वीण फॅशन वीकच्या रॅम्पवर नेली आणि तिच्याकडे शहरी लोकांचे लक्ष गेले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर ती चौकट टोट बॅगेवरही आली. वापरायला हरकत काहीच नाही. पण ती गाठ यूट्यूबवर बघून मारू नका. गावात जिला येते तिच्याकडून नेसून घ्या आणि नेसवणारीचे नाव, तिने हो म्हटले तर, श्रेयात छापा. आमच्या मुलींना ज्या आजींनी नेसवली त्यांनी पहिल्यांदा पिनांचा डबा बाजूला सारला. गाठ बरोबर बसली की पिन लागत नाही, म्हणाल्या. खरेच लागली नाही, दिवसभर.

या चौकड्यांचा कॅमेऱ्याला एक त्रास आहे. बारीक चौकट किंवा बारीक रेघ ठरावीक अंतरावरून टिपली की फोटोत कापडावर इंद्रधनुषी लाटा उठतात. त्याला मॉयरे म्हणतात, आणि नंतर तो काढणे डोकेदुखीचे काम आहे. म्हणून आदल्या दिवशी साडी दोरीवर टाकून चार वेगवेगळ्या अंतरांवरून फोटो काढा आणि स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून बघा. छोट्या करून बघितलेल्या फोटोत लाटा नसतानाही दिसतात, त्याला घाबरू नका. खऱ्याच असतील तर एक पाऊल पुढे, एक मागे, किंवा थोडे तिरके उभे राहिले तरी बहुधा जातात.

जागा

पणजीतल्या मळा-फोंतेन्यास वस्तीत जाऊ नका. रंगीत भिंती सुंदर आहेत, पण त्या लोकांच्या घरांच्या भिंती आहेत. तिथली माणसे रोज दारात उभ्या राहणाऱ्या अनोळखी मॉडेलांना विटलेली आहेत. शिवाय तिथली रंगीत खिडकी वाचकाने शंभरदा पाहिली आहे. जुन्या गोव्यातली चर्चेस १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. मॉडेल, ट्रायपॉड घेऊन शूट करायचे तर परवानगी लागते, आणि ती प्रार्थनेची जागा आहे हेही लक्षात असू द्या. ड्रोनचा मोह आवरा. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, आणि उडवायचाच असेल तर आधी ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर ती जागा कुठल्या रंगात येते ते बघा. मोठे शूट असेल तर गोवा मनोरंजन संस्थेकडे परवानगीची सोय आहे. कॉलेजच्या सात जणांना सहसा एवढ्या लांब जावे लागत नाही, पण ज्याची जागा त्याला विचारावेच लागते.

आमच्यासाठी ती जागा म्हणजे मांडवी नदीवरची रायबंदर-चोडण फेरी. नदी परिवहन खात्याला पत्र दिले, धक्क्यावरच्या माणसांना दोन दिवस आधी भेटून तारीख सांगितली. त्यांची एकच अट होती, बोटीच्या रॅम्पवर कुणी उभे राहायचे नाही आणि गाड्या चढता-उतरताना तर नाहीच.

जागा पक्की करायच्या आधी शूटच्याच वेळी तिथे जाऊन या. दुपारी दोनला बघितलेली जागा पहाटे साडेसहाला वेगळी असते. जानेवारीत पणजीत सूर्योदय सातच्या थोडा नंतर होतो आणि मावळतो सव्वासहाच्या पुढे. जूनमध्ये सहाच्या सुमारास उगवतो आणि सातला मावळतो, पण तेव्हा पाऊस. रायबंदरहून चोडणला जाताना सूर्य उजव्या हाताला, दिवाडी-जुन्या गोव्याच्या बाजूने येतो. परतताना तोच डाव्या हाताला. म्हणजे चेहऱ्यावर उजेड हवा असेल तर मॉडेल जाताना कुठल्या रेलिंगला आणि येताना कुठल्या, हे आम्ही तिकडे नुसत्या चहाच्या थर्मासबरोबर दोन फेऱ्या मारून ठरवले.

शूटच्या आदल्या रात्री आणि त्या पहाटे

फेरीची खेप काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात एक मांडणी होते, दोन होत नाहीत. म्हणून आमची शॉटलिस्ट वेळेत नव्हती, खेपांमध्ये होती. पहिली खेप: ४-५ चा आडवा फोटो, तिघेही, मधली घडी मोकळी. दुसरी: पान २ चा उभा, साडी आणि जाकीट. तिसरी: पान ७ चा उभा, भाऊ लुंगी-शर्टात. चौथी: हात, चपला, पुडी. प्रत्येक खेपेपुढे पानाचा नंबर लिहा, 'सुंदर पोज' वगैरे लिहू नका. फोटोग्राफरने डमी खिशात ठेवायचा. आमच्या मुलाने तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मधोमध काळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटवला होता: इथे घडी. त्या रेषेवर कुणाचा चेहरा, हात किंवा साडीचा काठ आला की तो ओरडायचा, 'सरक गो!'

कॉलशीट आदल्या दिवशी दुपारी पाठवा. कोण किती वाजता कुठे, कोणाच्या गाडीत काय, जेवण कुणाकडे, आणि एक फोन नंबर जो उचलला जाईल. मेकअप घरीच उरकून निघा, धक्क्यावर आरसाही नसतो. दमट हवेत पावडरचे थर साचतात. टिश्यूने टिपून मग हलका हात. त्वचेचा रंग गोरा करायचा नाही, मेकअपमध्येही नाही आणि नंतर संगणकावरही नाही. हा माझा हट्ट आहे आणि तो मी सोडत नाही.

फुलांची गंमत वेगळी. अबोली लवकर कोमेजत नाही, जाई मात्र सकाळपर्यंत मान टाकते. आम्हाला कोमेजलेलीच हवी होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आमच्या स्टायलिस्टने आधी फुलवालीच्या ओवणाऱ्या हातांचे फोटो काढायला सुरुवात केली. बाई मान वर न करता म्हणाली, 'फोटो काडटा जाल्यार एक फाती घे गो.' फाती म्हणजे फुलांची माळ. हिने चार घेतल्या. मग हातांचा फोटो हवा तेवढा वेळ मिळाला आणि तोच पुढे पान ६ वर गेला. दोन फाती रात्री उघड्यावर ठेवल्या, दोन ओल्या कपड्यात गुंडाळून, गरज पडली तर. पडली नाही.

उजेडाबद्दल थोडे. पहाटेचा उजेड मऊ असतो आणि झपाट्याने बदलतो, त्यामुळे जो फोटो सगळ्यांत महत्त्वाचा तो आधी. नऊनंतर गोव्यातले ऊन डोळ्यांखाली काळे खड्डे पाडते. तेव्हा सावलीत या, आणि समोरून उजेड परतवायला गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा किंवा पांढरी चादर धरा. विकत घेतलेल्या रिफ्लेक्टरपेक्षा ती वाईट नसते. फेरीचे इंजिन सगळा डेक थरथरवते, म्हणून शटरचा वेग एकास अडीचशे सेकंदाच्या खाली आणू नका. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर काचेवर धुके धरते. तो बॅगेतच पंधरा-वीस मिनिटे बाहेरच्या हवेत राहू द्या.

कॅमेरा नाही म्हणून अडू नका. गणित करा. ए-फोर पान २१० बाय २९७ मिलिमीटर. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना कड पांढरी राहू नये म्हणून सोडलेला जास्तीचा भाग) धरले की स्प्रेड ४२६ बाय ३०३. तीनशे डीपीआयला (एका इंचात तीनशे ठिपके) हे साधारण ५०३१ बाय ३५७९ पिक्सेल होतात. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४०००, म्हणजे आरामात पुरते. १२ मेगापिक्सेल फोनची ४०३२ बाय ३०२४. ती दोन पानांवर पसरली तर साधारण २४० डीपीआय मिळतात, कोणी भिंग घेऊन बसला नाही तर चालून जाते. एका पानाला तर फोन पुरून उरतो. मात्र फोनचा डिजिटल झूम वापरायचा नाही आणि फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवायचे नाहीत. पेन ड्राइव्ह किंवा ड्राइव्हची लिंक.

निवड

फोटो त्याच दिवशी बघू नका. दुसऱ्या दिवशी, प्रत्येक चौकटीसाठी तीन-तीन उमेदवार काढा, पत्त्यांएवढ्या आकारात साध्या कागदावर छापा आणि जमिनीवर डमीच्या क्रमाने पसरा. उभे राहून बघितले की स्क्रीनवर न दिसलेल्या गोष्टी दिसतात: सलग तीन पानांवर माणूस डावीकडेच बघतोय, किंवा सगळेच फोटो एकाच अंतरावरून काढलेत. चेहरा पानाच्या आतल्या बाजूला बघत असेल तर नजर स्प्रेडमध्ये राहते, बाहेर बघत असेल तर वाचक पान उलटतो. शेवटच्या पानावर मुद्दाम बाहेर बघणारा फोटो ठेवता येतो. लांबचा, मधला, अगदी जवळचा असे अंतर बदलत ठेवा. डमी या टप्प्यावर बदलला तरी चालेल, पण कागदावर बदला, डोक्यात नाही.

मराठीत पान लावताना

इथे माझा जीव अडकतो, म्हणून थोडे लांबवते. इंग्रजी फॅशन मासिकातली शीर्षके बारीक, उंच आणि अक्षरांमध्ये भरपूर अंतर सोडून लावलेली असतात. तीच युक्ती देवनागरीवर केली की शिरोरेखा तुटते आणि शब्दाची अक्षरे उन्हात वाळत घातल्यासारखी सुटी होतात. आपल्याकडे इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरे नाहीत, तिरके अक्षरही बेगडीच दिसते. तेव्हा जोर आणायचा तो आकाराने, जाडीने आणि भोवतालच्या मोकळ्या जागेने. मात्रा वर जातात, उकार खाली येतात, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त लागते. ११ पॉइंटच्या मजकुराला १६ पॉइंटची ओळ धरून सुरुवात करा.

फॉन्ट फुकट आणि चांगले मिळतात. मजकुराला मुक्त किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या, बलू शीर्षकाला चालतो पण जरा गुबगुबीत आहे, आमच्या जत्रेला तो नको वाटला. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते बघा. हिंदी वळणाचा ल कोणाच्या लक्षात येत नाही असे मुलांना वाटते, सरांच्या येतो. इनडिझाइन या पाने लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात. पैसे नसतील तर स्क्राइबसची नवी आवृत्ती देवनागरी नीट दाखवते आणि छपाईचे रंगही समजते. ॲफिनिटीत माझी देवनागरी मोडली होती, मी त्यात एक पूर्ण रात्र घालवली आहे.

कडेपासून दहा मिलिमीटरच्या आत मजकूर नको, आणि घडीच्या बाजूला पंधरा.

मजकूर लिहिताना 'हे आउटफिट तुमच्या लुकला एलिव्हेट करते' असले काही लिहिणाऱ्याला चहा पाजायला लावा. साडी नेसतात, घालत नाहीत. पदर, निऱ्या, काठ, घेर, बाह्या, चुण्या हे शब्द आहेत, ते वापरा. शर्ट, जाकीट, डेनिम हेही आपलेच झालेत. सुरुवातीला चाळीस-पन्नास शब्दांची गोष्ट, मग प्रत्येक पानावर एका ओळीत कपडा, कापड आणि तो कुणाचा. आमची पान २ ची ओळ होती: 'कुणबी साडी, आजीकडून नेसवून घेतलेली. जाकीट भावाचे, परत मागितलेले नाही.'

छपाई

स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्या उजेडाने रंग दाखवते, कागदावर चार शाया असतात. भडक निळा, पोपटी आणि निऑन रंग कागदावर हमखास मरतात. समुद्राचा निळा तर सगळ्यांत आधी. म्हणून फाइल सीएमवायके, म्हणजे त्या चार शायांच्या पद्धतीत, करून मगच रंग जुळवा, आणि काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शायांत ठेवला तर बारीक अक्षरांभोवती रंगीत सावली दिसते.

कुणबी साडीचा लाल आम्हाला तीनदा चुकला. स्क्रीनवर बरोबर, पहिल्या प्रुफात नारिंगी, दुसऱ्यात विटकरी. शेवटी प्रॉडक्शनवाली मुलगी साडीच घेऊन प्रेसमध्ये गेली, ती आणि प्रुफ दोन्ही दाराबाहेर दिवसाच्या उजेडात शेजारी धरले आणि ऑपरेटरला म्हणाली, हे याच्यासारखे करा. मॅजेंटा आणि यलो पूर्ण, वर चिमूटभर काळा, आणि झाले. ट्यूबलाइटखाली रंग पास करायचा नाही, एवढे त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात बसले.

दहा-वीस प्रतींना डिजिटल छपाईच घ्या, ऑफसेट शेकड्यांनी छापायचे असेल तेव्हा. दुकानात शीट किती मोठी विचारा. '१२ बाय १८' इंचाच्या शीटवर ब्लीडसकट ए-फोर स्प्रेड जेमतेम मावतो आणि कापायच्या खुणांना जागा उरत नाही, '१३ बाय १९' मागा. आतल्या पानांना १३० ते १७० जीएसएम (कागदाचे वजन) मॅट कागद बरा. चकचकीत कागदावर फोटो भारी दिसतात पण ट्यूबलाइट परावर्तित होते आणि परीक्षक अंक हलवत बसतात. पाने चारच्या पटीत हवीत. पीडीएफ देताना पाने एकेक द्या, जोड्या लावायचे काम प्रेसचे. फॉन्ट पीडीएफमध्येच बसवलेले आहेत ना ते बघा, कारण बऱ्याच प्रेसमध्ये जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट असतात आणि उघडलेली फाइल त्यांनी 'जरा सुधारली' तर 'जत्रा' चा 'जञा' होतो. आमचा झाला होता, शीर्षकातच. तेव्हापासून एक प्रत छापून, दुमडून, पिन मारून हातात घेतल्याशिवाय बाकीच्यांना हो म्हणत नाही.

कॉलेजला अंकाबरोबर प्रक्रियेची वही द्यायची असते. डमी, नाकारलेले मूडबोर्ड, खेपांची यादी, ते जमिनीवरचे पत्ते, सगळ्याचे फोटो काढत जा. नंतर बनवलेली वही लगेच ओळखू येते.

प्रती मोजताना ग्रुप आणि कॉलेज एवढ्यावर थांबू नका. कपडे दिलेल्या प्रत्येकाला एक, फेरीच्या धक्क्यावर एक, साडी नेसवणाऱ्या आजींना एक. आमच्या हिशोबात म्हापशाची फुलवाली राहिली होती, मग एक प्रत पुन्हा छापली आणि शुक्रवारी नेऊन दिली. तिने पाने उलटली, सहाव्यावर थांबली, शेजारच्या भाजीवालीला पान दाखवले आणि आमच्याकडे वळून म्हणाली, 'तोंड खंय म्हजें?'